शूट मस्त झालं, मग परत फोन का येत नाही?

या वेळी मॉडेलिंग करणाऱ्या मुलामुलींची पत्रं इतकी आली की सगळा कॉलम त्यांनाच दिलाय. मी स्वतः आठ वर्षं मॉडेल होते आणि आता बरीच वर्षं एजन्सीत बुकिंग बघते. म्हणजे क्लायंट जेव्हा "मागच्या वेळची तीच मुलगी मिळेल का" किंवा "या वेळी दुसरं कुणी द्या" असं सांगतो तेव्हा फोन माझ्याच हातात असतो, त्यामुळे खाली जे लिहिलंय ते बरंचसं त्या फोनवर ऐकलेलं आहे.

प्रश्न : ताई, वर्षभरात सहा वेगवेगळ्या ब्रँडसाठी शूट केलं. फोटो छान आले, सेटवर सगळे "मस्त मस्त" म्हणत होते, पण एकानेही परत बोलावलं नाही. माझ्या चेहऱ्यातच काही कमी आहे का?

अगं, चेहऱ्यात कमी असती तर पहिल्यांदा तरी कशाला घेतलं असतं? पहिलं काम चेहरा, उंची आणि मापं बघून मिळतं. दुसरं मिळतं ते पहिला दिवस कसा गेला त्यावर, आणि ते ठरवायला फोटोग्राफर एकटा नसतो. पुढच्या सीझनची यादी करताना क्लायंट स्टायलिस्टला विचारतो, मेकअपवालीला विचारतो, प्रोडक्शन बघणाऱ्याला विचारतो, की ती कशी होती रे? आणि उत्तर एका वाक्यात येतं. "तिच्याबरोबर काम पटापट होतं" असं आलं की झालं, नाव यादीत. "छान आहे, पण..." असं आलं की त्या 'पण'च्या पुढे कोणी ऐकत पण नाही.

पटापट म्हणजे काय ते जरा हिशोबाने बघ. ऑनलाइन विक्रीचं शूट असेल तर दिवसाला 40 लुक सहज असतात. प्रत्येक वेळी कपडे बदलून यायला तू फक्त 3 मिनिटं जास्त घेतलीस, मध्येच फोन बघितलास, कोणाशी दोन शब्द बोलत उभी राहिलीस, तर दिवसाचे 120 मिनिटं म्हणजे सरळ दोन तास गेले. स्टुडिओ दिवसाच्या भाड्याने, लाइट भाड्याने, सात-आठ जण दिवसाच्या पैशावर, आणि शॉट लिस्टमधले शेवटचे पाच लुक राहून जातात. तुझ्यामुळे राहिले असं कोणी तोंडावर म्हणणार नाही गं, पण लक्षात राहतं.

दुसरी गोष्ट कपडे, आणि यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण मी यातच मार खाल्लाय. माझं दुसरंच वर्ष होतं. पांढरा सिल्कचा शर्ट, गळा एकदम बंद. पुढचा लुक लगेच होता म्हणून मी बटणं पूर्ण न उघडता घाईघाईत डोक्यावरून ओढून काढला, आणि कॉलरच्या आतल्या बाजूला फाउंडेशन लागलं, अंगठ्याच्या नखाएवढा डाग. कोणी बघितलं नव्हतं. मी कॉलर आत दुमडली, शर्ट हँगरला लावला आणि पुढच्या लुकसाठी जाऊन उभी राहिले. संध्याकाळी सामान भरताना स्टायलिस्टला तो दिसला. तो एकच सॅम्पल होता, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या शूटला जायचा होता, आणि तोवर डाग सुकून बसला होता. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तेव्हाच सांगितलं असतंस तर निघाला असता." त्या टीमकडून पुढे दोन वर्षं मला एकही काम आलं नाही आणि मी ती दोन वर्षं माझ्या वजनाला दोष देत बसले होते.

म्हणून सांगते, डाग पडतात, शिवण उसवते, चेन अडकते, सगळ्यांच्या हातून होतं. त्या सेकंदाला सांगायचं. स्टायलिस्टच्या बॅगेत त्यासाठीच सुई-दोरा आणि डाग काढायचं सामान असतं. आणि डोक्यावरून घालायचा कपडा असेल तर आधी चेहऱ्यावर पातळ जाळीचं कापड टाकून घ्यायचं, सेटवर असतंच, नसलं तर स्वतःच्या बॅगेत एक पातळ स्कार्फ ठेव, फुकटचं काम आहे. इस्त्री केलेले कपडे घालून बसायचं नाही, दोन शॉटच्या मध्ये पण नाही. पाठीमागे क्लिपा लावून कपडा ताणलेला असतो तेव्हा भिंतीला टेकायचं नाही. बुटांच्या तळाला चिकटपट्टी लावलेली दिसली तर समज की ते बूट परत जाणार आहेत, ते घालून बाहेर फिरून यायचं नाही. डिओ लावलास तर सुकू दे, नाहीतर काळ्या कपड्यावर पांढरे पट्टे उठतात. परफ्यूम तर नकोच, वास कपड्यात राहतो आणि तोच कपडा पुढच्या मुलीला घालायचा असतो. बॅगेत कातडीच्या रंगाचे, शिवण न दिसणारे आतले कपडे, एक बिनपट्ट्यांची ब्रा, बस. केस धुतलेले, चेहरा कोरा, नखांना रंग नाही. एवढं करून आलीस की मेकअपवालीची अर्धी तक्रार तिथेच संपली.

आता पुढच्या शूटला हे सगळं करून बघ आणि मग तीन-चार महिन्यांनी मला परत लिही. चेहऱ्याबद्दल लिहू नकोस.

प्रश्न : कॉल टाइम 8 चा होता, मी 8:20 ला पोचले. ट्रॅफिक होतं, माझ्या हातात नव्हतं. तरी एजन्सीने मला केवढं सुनावलं. वीस मिनिटांत असं काय बिघडतं?

कॉल टाइम 8 म्हणजे 8 वाजता तू मेकअपच्या खुर्चीत बसलेली असायला हवीस, गेटमधून आत येत असायला नकोस. कॉल शीटवर, म्हणजे दिवसाच्या वेळापत्रकाच्या कागदावर, मेकअप कधी, केस कधी, पहिला शॉट कधी ते सगळं एकाला एक लागून लिहिलेलं असतं, त्यामुळे सुरुवातीचे वीस मिनिटं गेले की ते दिवसभर भरून निघत नाहीत, शेवटी जेवणाच्या सुट्टीतून नाहीतर ओव्हरटाइममधून निघतात, आणि बाहेरचं शूट असेल तर सकाळचा मऊ उजेडच जातो, तो कुठून परत आणणार? पंधरा मिनिटं आधी पोचायचं हाच हिशोब ठेव.

आणि तरी उशीर होणारच असेल तर कॉल टाइमच्या आधी फोन कर, नंतर नाही. खरी वेळ सांग. "पाचच मिनिटांत आले" असं सांगून पंचवीस मिनिटांनी येणाऱ्या मुलीपेक्षा "8:25 होतील" असं सांगून 8:20 ला येणारी मुलगी परवडते, कारण मधल्या वेळात ते दुसऱ्या मॉडेलचा मेकअप आधी उरकून घेऊ शकतात. पोचल्यावर एकदा सॉरी, मग काम. ट्रॅफिकची गोष्ट सांगत बसू नकोस, ऐकायला कोणाला वेळ नसतो.

प्रश्न : मी केस खांद्यापर्यंत कापले, मला खूप छान दिसतात. पण कन्फर्म झालेलं काम त्यावरून गेलं. हे बरोबर आहे का?

त्यांच्या बाजूने बरोबर आहे. त्यांनी लांब केसांची मुलगी बुक केली होती. केस तुझे आहेत, काप, रंगव, पण आधी बुकरला, म्हणजे एजन्सीत तुझं बुकिंग बघणाऱ्याला, एक मेसेज आणि लगेच नवे साधे फोटो, मेकअप नाही, अंगाबरोबरचे कपडे, समोरून, बाजूने, मागून. मापांचंही तसंच, कंबर दोन इंच वाढली असेल तर वाढलेली लिहायची. फिटिंगला चेन लागली नाही की ते मापं विसरतात पण खोटं सांगितलेलं विसरत नाहीत.

प्रश्न : बॅकस्टेजचा एक सेल्फी स्टोरीला टाकला, मागे रॅक दिसत होता. दोन तासांत काढला पण. आता ब्रँड माझ्याशी बोलतच नाहीये. एवढ्याशा स्टोरीवरून?

रॅकवर काय होतं ते बघ ना. मोठ्या फॅशन वीकमध्ये साधारण फेब्रुवारी-मार्चला दाखवतात ते कपडे पुढच्या थंडीचे असतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला दाखवतात ते पुढच्या उन्हाळ्याचे, म्हणजे दुकानात यायला अजून सहा महिने असतात. कॅटलॉगचंही तसंच, आज शूट झालेलं बऱ्याच दिवसांनी बाहेर येतं. तोवर तो फोटो कॉपी करणाऱ्याच्या हाती लागला तर बिचाऱ्या डिझाइनरची महिनोन्महिने केलेली मेहनत कोणीतरी आधीच विकून मोकळा होतो. आणि बहुतेक तू सही केलेल्या कागदात हे लिहिलेलं पण असेल, वाचून बघ.

काढलास ते बरं केलंस. पण गप्प बसू नकोस, आजच एजन्सीला सांग की किती वाजता टाकला, किती वाजता काढला, साधारण किती जणांनी बघितला. ते क्लायंटशी बोलतील, तू थेट मेसेज पाठवू नकोस. पुढे फोटो अधिकृतपणे बाहेर आले की मग मनसोक्त टाक, आणि टाकताना फोटोग्राफर, स्टायलिस्ट, मेकअप, केस, सगळ्यांची नावं टाक. ड्रेसरचं नाव कोणीच टाकत नाही, तू टाक. गर्दीच्या शोमध्ये अर्ध्या मिनिटात तुझे बूट बदलून देणारी तीच असते.

प्रश्न : एका क्लायंटने 14 तारखेला ऑप्शन टाकलं होतं, पक्कं काही सांगत नव्हते. दुसरीकडून त्याच तारखेला कन्फर्म काम आलं म्हणून मी हो म्हणून टाकलं. आता पहिले म्हणतात आम्हाला विचारायला हवं होतं.

हो, विचारायला हवं होतं. पहिलं ऑप्शन म्हणजे त्या तारखेवर पहिला हक्क त्यांचा. दुसऱ्याकडून पक्कं काम आलं की पहिल्याला सांगायचं, "आमच्याकडे कन्फर्म आलंय, तुम्ही आज अमुक वाजेपर्यंत घ्या किंवा सोडा." त्यांनी सोडलं की तू मोकळी. यात कोणाला राग येत नाही, रोज दहा वेळा चालतं. राग येतो तो परस्पर ठरवल्याचा. आणि हे फोन करायचं काम बुकरचं आहे बाई, तू कशाला हो म्हणालीस? तुला कोणी थेट विचारलं तरी "एजन्सीला विचारून सांगते" एवढंच बोलायचं.

प्रश्न : नमस्कार. माझी मुलगी 17 वर्षांची आहे, मी तिच्याबरोबर प्रत्येक शूटला जाते. मागच्या वेळी एजन्सीने सुचवलं की आईने जरा बाहेर बसावं. मी मुलीला एकटं सोडू का?

नमस्कार, अजिबात सोडू नका. तुमचं तिथे असणं हा तिचा हक्क आहे, आणि जिथे आईला येऊच नका म्हणतात तिथे मुलीला पाठवायचंच नाही. 2017 मध्ये एलव्हीएमएच आणि केरिंग या दोन मोठ्या फॅशन कंपन्यांनी मिळून एक नियमावली काढली, त्यात 16 वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांच्या कपड्यांच्या शो आणि शूटसाठी घ्यायचं नाही असं ठरलं, आणि 16 ते 18 वयाच्यांना रात्री 10 ते सकाळी 6 काम द्यायचं नाही असंही. म्हणजे ही काळजी फक्त आईलाच वाटते असं नाही, धंद्यातल्या बड्यांनाही ती लेखी मान्य करावी लागली.

पण "बाहेर बसा" आणि "येऊ नका" यात फरक आहे, आणि एजन्सीने कदाचित पहिलंच म्हटलं असेल. मी अशा आया बघितल्यात ज्या मॉनिटरच्या मागे उभ्या राहून "हनुवटी वर कर गं" म्हणतात, फोटोग्राफर एक सांगतोय आणि आई दुसरं, मुलगी बिचारी दोघांकडे बघते आणि फोटोत तीच गोंधळलेली नजर येते. तुम्ही अशा जागी बसा जिथून ती तुम्हाला दिसेल आणि तुम्ही तिला दिसाल, पण कॅमेऱ्याच्या रेषेत नको. काही खटकलं तर शॉटच्या मध्ये नाही, ब्रेकमध्ये, प्रोडक्शनवाल्याशी शांतपणे. अर्थात कपडे बदलायची जागा आडोशाची नसेल किंवा कोणी अंगाला नको तसा हात लावत असेल तर ब्रेकची वाट बघू नका, तिथेच थांबवा.

प्रश्न : नाव छापू नका. शूटवर ऐनवेळी मला जवळजवळ पारदर्शक टॉप दिला, आत काही घालायचं नाही म्हणाले. आधी असं काही ठरलं नव्हतं. मी नाही म्हणाले. फोटोग्राफरने दिवसभर तोंड पाडलं. आता परत काम येणार नाही अशी भीती वाटते. मी घालायला हवा होता का?

नाही. तू केलंस ते शंभर टक्के बरोबर केलंस आणि हे मी बुकर म्हणूनच सांगतेय. बाकीच्या उत्तरांत मी वेळ पाळ, कपडे सांभाळ, पटकन बदल असं सांगत सुटलेय, त्यावरून कुणाला वाटेल की परत बोलवावं म्हणून सगळ्याला मान डोलवायची. तसं नाही गं. ठरलेलं काम मनापासून करायचं, आणि न ठरलेलं काम ठरल्याशिवाय करायचं नाही. पारदर्शक कपडे, अंतर्वस्त्रं, उघडं अंग, हे आधी लेखी ठरवून घेण्यातलं आहे, सेटवर पंधरा लोकांसमोर तुला विचारून नाही.

नाही कसं म्हणायचं तेवढं शिकून ठेव. चिडून नाही, रडून नाही, हसत "बघू" म्हणून पण नाही, कारण 'बघू'चा अर्थ समोरचा 'हो' लावतो. "हे बुकिंगमध्ये नव्हतं, मी एजन्सीला फोन करते, तोवर पुढचा लुक घेऊया का?" या वाक्यात नकार पण आहे आणि काम पण अडत नाही. मग खरंच फोन कर. आम्ही त्याच्यासाठीच पगार घेतो. एजन्सीने "अगं घालून टाक" म्हटलं तर ती एजन्सी सोडायचा विचार कर.

न्यूयॉर्क राज्यात जून 2025 पासून फॅशन वर्कर्स ॲक्ट लागू झालाय, त्यात 8 तासांच्या वर काम झालं तर त्या जादा तासांना किमान 50 टक्के जास्त दर, एजन्सीचं कमिशन 20 टक्क्यांपर्यंतच, आणि मॉडेलच्या चेहऱ्याची-शरीराची डिजिटल प्रत बनवायची तर तिची वेगळी लेखी संमती, असं सगळं आहे. हा कायदा मागण्यासाठी तिथल्या मॉडेल्सच झटल्या, मॉडेल अलायन्स ही त्यांची संघटना 2012 पासून काम करतेय. तू जिथे काम करतेस तिथे असा कायदा असो नसो, कागदावर काय मागायचं त्याची यादी म्हणून तो वाचून घे. विशेषतः ते डिजिटल प्रतीचं, कारण हल्ली सेटवर "दोन मिनिटं या मशीनसमोर उभी राहा, स्कॅन करतो" असं फार सहज म्हणतात.

त्या फोटोग्राफरने नाही बोलावलं तर नाही बोलावलं. त्या दिवशी सेटवर स्टायलिस्ट होती, असिस्टंट होते, मेकअपवाली होती, त्यांनीही सगळं बघितलं, आणि उद्या त्यांच्या दुसऱ्या कामाच्या यादीत तुझं नाव असू शकतं.

प्रश्न : मी मुलगा आहे, ताई, मला जास्त करून ऑनलाइन कॅटलॉगचीच कामं मिळतात. शर्ट घाला, समोर, बाजूला, मागे, पुढचा शर्ट. दुपारनंतर जीव कंटाळतो आणि चेहऱ्यावर दिसतं असं म्हणतात. काय करू? आणि शूट झाल्यावर क्लायंटला थँक यूचा मेसेज पाठवावा का, की लोचटपणा वाटेल?

अरे, ज्याला तू कंटाळवाणं म्हणतोस ते काम धरून ठेव. रॅम्पचा सीझन येतो आणि जातो, कॅटलॉगवाले वर्षभर शूट करतात आणि एकदा त्यांना माणूस बसला की पटकन बदलत नाहीत, कारण साइटवर सगळे फोटो सारखे दिसायला हवे असतात. सकाळी पहिल्या दोन लुकमध्येच त्यांचा ठरलेला क्रम समजून घे, पाय कुठे, हात कुठे, नजर कुठे, आणि मग फोटोग्राफर सांगायच्या आधी तू तिथे असायला शिक. एका क्लिकला एक छोटा बदल, वजन या पायावरून त्या पायावर, हात खिशात, हात बाहेर, पण कपड्यावर सुरकुती येईल असं वळायचं नाही. कपडा बघत जा ना! या शर्टात विकायचं काय आहे, कॉलर का खिसा का पाठीवरची शिवण, स्टायलिस्टला विचार, ती खूश होऊन सांगते. मग चाळिसावा शर्ट पहिल्यासारखा वाटत नाही. आणि दुपारची सुट्टी फोनवर घालवू नकोस, जेव, पाणी पी, दहा मिनिटं डोळे मीट.

दिग्दर्शन मिळालं की तोंड पाडायचं नाही. "खांदा सैल सोड" हे वाक्य तुझ्यावर टीका नाही, त्यांना मॉनिटरवर जे दिसतंय ते तुला दिसत नाही एवढंच.

थँक यूचं, हो, पण एजन्सीमार्फत, एक ओळ, आणि त्यात "पुढच्या वेळी नक्की घ्या" असं नको. खरं थँक यू सेटवरच म्हण, निघायच्या आधी, नावानिशी. कॉल शीटवर सगळ्यांची नावं असतात, सकाळी मेकअप चालू असताना वाचून ठेव. शेवटचा लुक उतरवलास की कपडे खुर्चीवर फेकून पळू नकोस, हँगरला लाव, वरचं बटण लाव, दिलेला पट्टा आणि मोजे ज्याचे त्याच्या पिशवीत ठेव. दिवस संपल्यावर तिथे एक असिस्टंट एकटा सगळं भरत बसलेला असतो, रात्री उशिरापर्यंत. माझ्याकडे येणाऱ्या फोनमध्ये निदान दोन वेळा तरी असं झालंय की जुना असिस्टंट आता स्वतः स्टायलिस्ट झालाय आणि विचारतोय, तो मुलगा अजून काम करतो का हो, जो स्वतःचे कपडे स्वतः लावून जायचा?